प्रश्न कुत्र्याचा नाहीच

ईदनंतरच्या आठवड्यात माझ्या संध्याकाळच्या मराठीच्या शिकवणीला येणाऱ्या तीन मुली यायच्या बंद झाल्या. आधी वाटलं, घरी पाहुणे असतील, ईदचे दिवस आहेत. चौथ्या दिवशी एकीच्या आईला फोन केला. बरेच आढेवेढे घेऊन ती म्हणाली, "टीचर, तुमच्याबद्दल काही नाही हो. पण तो कुत्रा... आणि सकाळी सकाळी दुर्बीण घेऊन ते फिरणं. घरात पुरुषमाणसं बोलतात."

पुरुषमाणसं काय बोलतात ते मला आधीच ठाऊक होतं. मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रमज़ानच्या शेवटच्या दिवसांत एक लांबलचक मजकूर फिरला होता. ज्या घरात कुत्रा असतो तिथे फरिश्ते येत नाहीत, आणि अशा घरात आपल्या लेकी शिकायला पाठवायच्या का याचा ज्याने त्याने विचार करावा, असा त्याचा मथितार्थ. नाव कोणाचं नव्हतं. रोहा-अष्टमीच्या आमच्या बाजूला कुत्रा पाळणारी आणि शिकवणी घेणारी बाई एकच असल्यामुळे नावाची गरजही नव्हती.

मी तेव्हा उत्तर दिलं नाही. रोज़ा होता, आणि ग्रुपवरचा वाद म्हणजे चिखलात दगड मारणं. पण आता तीन मुलींच्या मराठीचा प्रश्न आहे. त्यातली एक दहावीला जाणार आहे. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी आरोपीची ओळख. कुत्र्याचं नाव खंड्या. मी पेणला शिकवत होते तेव्हा शाळेच्या वाटेवर गणपतीचा एक कारखाना होता. पेणमध्ये गल्लोगल्ली असतात तसाच. एका पावसाळ्यात तिथल्या पेंढ्याच्या ढिगात कुत्रीने पिल्लं घातली. त्यातलं एक शाडूच्या मातीने अंगभर माखलेलं, माझ्यामागे स्टेशनपर्यंत यायचं. एक दिवस ते दिवा-रोहा गाडीतच चढलं. धुतल्यावर दिसलं की डोकं तपकिरी आणि गळा पांढराशुभ्र आहे, नेमका खंड्या पक्ष्यासारखा. म्हणून खंड्या. कुत्र्याचं आणि पक्ष्याचं हे सामाईक नाव मराठीने तयारच ठेवलं होतं, मला शोधावं लागलं नाही. तोटा एवढाच की मी विद्यार्थ्यांना "आज खंड्याने मासा पकडला" असं सांगितलं की निम्मा वर्ग पोट धरून हसतो.

खंड्या पडवीत झोपतो. घरात येत नाही, नमाज़ची जागा तर दूरच. त्याचं भांडं वेगळं आहे.

आमचे हे बारा वर्षं कुवेतला आहेत. मुलगा शिकायला पनवेलला. घरात मी आणि सासूबाई. सकाळी फजर पढून मी खंड्याला घेऊन निघते. पुलाकडून नदीच्या काठाने खाली, मग शेतांच्या बांधावरून वळसा घालून परत. तासभर, फार तर सव्वा तास. भिऱ्याच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यामुळे आपली कुंडलिका उन्हाळ्यातही आटत नाही, त्यामुळे चैत्रात आजूबाजूचं सगळं करपत असताना पक्षी इथे येतात. निघते तेव्हा अंधार असतो. मातीच्या वाटेवर रातवा बसलेला असतो; बॅटरीचा झोत पडला की आधी लाल ठिणगीसारखा डोळा दिसतो आणि पाऊल अगदी जवळ पडेपर्यंत तो हलत नाही. मग दयाळ. हिवाळाभर हा पक्षी जणू मुका असतो. मार्च लागला की मशिदीच्या मिनाराच्या टोकावर, नाहीतर मोबाइलच्या टॉवरवर बसून उजाडायच्या आधीपासून शीळ घालतो. मला विचाराल तर उन्हाळा कॅलेंडरवर लागत नाही, तो दयाळाच्या गळ्यातून लागतो. नंतर कोकीळ, नंतर तांबटाचं एकसुरी टुक टुक, नंतर ऊन.

एवढाच माझा गुन्हा.

आता दीनचा मुद्दा घेऊ, कारण तो पुढे करण्यात आला आहे. मी आलिमा नाही. बी.एड. झालेली भाषेची शिक्षिका आहे. पण वाचता येतं, आणि वाचायला आपल्या दीनने मनाई केलेली नाही.

आपण कोकणी मुसलमान बहुतांश शाफई. शाफई फिक्हमध्ये कुत्रा संपूर्ण नापाक मानला आहे, हे खरं आहे आणि मी ते लपवत नाही. हनफींकडे मुख्य आक्षेप लाळेला आहे. मालिकींकडे तर जिवंत कुत्रा पाकच मानतात. म्हणजे या प्रश्नावर चार भिंतींच्या आत पुष्कळ हवा खेळते. पण मी पळवाट म्हणून दुसऱ्या मज़हबात जात नाही, आपल्याच घरात थांबते. शाफई नियमातही ओलावा असल्याशिवाय नापाकी लागत नाही. कोरडं अंग कोरड्या कपड्याला लागलं तर धुण्याचंही कारण नाही. ओली लाळ लागली तर सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीने. मी धुते. मातीला रोह्यात तोटा नाही.

आणि पाळण्याबद्दल? हदीसमध्ये शिकार, गुरं आणि शेती यांचे अपवाद सरळ आलेले आहेत. आपल्या शाफई परंपरेतले तेराव्या शतकातले थोर इमाम नववी यांनी याच अपवादांवरून कयास करून घरांच्या आणि वाटांच्या राखणीसाठीही कुत्रा ठेवणं जायज़ हे मत अधिक बरोबर मानलं. वाटांच्या, हा शब्द कृपा करून पुन्हा वाचा. अंधारात नदीकाठच्या वाटेवर एकट्या बाईची राखण यात बसत नसेल तर मग काय बसतं?

फरिश्त्यांचा मुद्दा ज्यांनी टाकला त्यांना एक आठवण. ज्या हदीसमध्ये कुत्रा असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत असं आहे, तिथेच चित्रांचाही उल्लेख आहे. मजकूर पाठवणाऱ्या भावाच्या प्रोफाइलवर त्याचा स्वतःचा गॉगल लावलेला फोटो आहे, मागे दुबईचा बुर्ज. अर्धी हदीस दुसऱ्याच्या दारात आणि उरलेली अर्धी खिशात, हा हिशेब मला पटत नाही.

उरलेलं सगळ्यांनाच ठाऊक आहे, फक्त ग्रुपवर कोणी टाकत नाही. सूरह कहफमधल्या गुहेत झोपलेल्या त्या श्रद्धावान तरुणांच्या उंबऱ्याशी पाय पसरून बसलेला त्यांचा कुत्रा. तहानेने ओली माती चाटणाऱ्या कुत्र्याला विहिरीत उतरून बुटात पाणी आणून पाजणारा माणूस आणि त्याला मिळालेली माफी. बुखारीतली ती नोंद, की प्रेषितांच्या (स.) काळात मशिदीत कुत्री ये-जा करत आणि त्यासाठी कोणी पाणी शिंपडत नसे. बगदादच्या इब्न अल-मर्ज़ुबानने तर हज़ार-अकराशे वर्षांपूर्वी एक पुस्तकच लिहून ठेवलंय. कपडे घालणाऱ्या पुष्कळांपेक्षा कुत्रे कसे श्रेष्ठ, असा त्याचा विषय. ग्रुपवरच्या चर्चेनंतर मला त्याचं म्हणणं जरा जास्तच पटायला लागलंय.

आणि ज्या आखाताच्या पगारावर आपल्या निम्म्या कोकणातल्या घरांचे स्लॅब पडले, तिथले अरब काय करतात? सलूकी जातीचा शिकारी कुत्रा त्यांच्याकडे पिढ्यानपिढ्या अभिमानाने पाळला जातो. बहिरी ससाणे विमानातून नेता यावेत म्हणून संयुक्त अरब अमिरातीत त्यांना पासपोर्ट देतात. माझी दुर्बीण आमच्या ह्यांनी कुवेतहूनच पाठवली. तिथून आलेलं अत्तर, ब्लँकेट आणि मौलवींचे व्हिडिओ चालतात, दुर्बीण तेवढी चालत नाही.

पण मी हे सगळं लिहून स्वतःलाच फसवते आहे. कारण प्रश्न कुत्र्याचा नाहीच.

खंड्या येण्याच्या आधी, सात वर्षांपूर्वी, डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं तेव्हा मी एकटी चालायला निघाले होते. तेव्हा कुत्रा नव्हता. तेव्हा काय ऐकलं? "बाईमाणसाने अंधारात एकटीने नदीवर कशाला जायचं? काही झालं म्हणजे?" चिंता खरी असेल, मी तिला नावं ठेवत नाही. दोनदा माझ्यामागून मोटरसायकल हळू हळू आली होती. मी चालणं सोडलं. मग खंड्या मोठा झाला, आणि मोटरसायकली लांबून जायला लागल्या. एकटेपणाची अडचण सुटली, तशी नापाकीची अडचण निघाली. उद्या खंड्या गेला तर दुर्बिणीची अडचण निघेल, आणि दुर्बीण ठेवून दिली तर चपलांची. साप समजून भुई धोपटायची म्हणतात, ती ही. खंड्या बिचारा भुई आहे. साप म्हणजे बाईचं सकाळी कारणाशिवाय घराबाहेर असणं. दवाखाना, बाजार, शाळा, लग्न, मय्यत ही कारणं मंजूर आहेत. नुसतं बघायला जाणं हे कारण यादीत नाही.

ग्रुपवर एका सज्जनांनी धनेश पक्ष्याचा व्हिडिओ टाकला होता. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला बंद करून घेते, नर बाहेरून चारा आणतो, निसर्गातही पर्दा आहे पाहा, असं खाली लिहिलेलं. राखी धनेश मी बघितलाय, हेच दिवस त्याच्या विणीचे. म्हणून दोन दुरुस्त्या. ढोलीचं तोंड मादी आतून, स्वतः लिंपते. तिला कोणी कोंडत नाही, आणि वेळ आली की ती स्वतःच फोडून बाहेर येते. दुसरं, त्या कित्येक आठवड्यांत नर दिवसभर चोचीत फळं घेऊन येरझारा घालतो. ज्यांना हा दाखला आवडला त्यांनी तेवढे आठवडे स्वयंपाकघर सांभाळावं, मग पुढचं बोलू.

इथे इतर वाचक खूश होत असतील, की बघा, ह्यांच्याच बाईने ह्यांना सुनावलं. थांबा जरा. तुमचीही पाळी आहे.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी नदीकाठी पाणकावळे मोजत होते. मोटरसायकलवरून दोघे आले. साध्या वेशातले, पण बोलणं सरकारी. "काय बघताय?" पक्षी. "कशासाठी?" आवड. "नाव?" नाव सांगितलं. त्यानंतर 'काकू'ची 'तुम्ही' झाले आणि आवाजातलं तूप उतरलं. आधार कार्ड मागितलं. मोबाइल मागितला, त्यात टिटवीचे चाळीसेक फोटो, सगळे धूसर. मग वही मागितली. माझी वही उर्दू लिपीत होती. पक्ष्यांची नावं मराठीच, पाणकावळा, ढोकरी, शेकाट्या, फक्त लिपी उर्दू, कारण माझा हात तिच्यात भरभर चालतो. त्यातला एक जण पान उलटसुलट करून म्हणाला, "हे काय कोडमध्ये लिहिलंय?"

वाचून दाखवलं. ढोकरी तीन, शेकाट्या अकरा. खंड्या शेपटी हलवत त्यांच्या बुटांचा वास घेत होता. ते गेले. काही झालं नाही. काही झालं नाही असंच मी सगळ्यांना सांगितलं. पण त्या दिवसापासून मी वही देवनागरीत लिहिते, आणि दर वेळी पान उघडलं की राग येतो. सगळ्यात जास्त स्वतःचाच, की इतक्या लवकर का बदलली.

आणि ही गोष्ट मोहल्ल्यात कळली तेव्हा प्रतिक्रिया काय, तर "बघितलंत? म्हणूनच सांगत होतो." म्हणजे जे दोन गट एरवी कोणत्याही गोष्टीवर एकमत होत नाहीत, त्यांचं एका गोष्टीवर झालं: या बाईने घरी बसावं. एकाला माझ्या दुर्बिणीतून देशाला धोका दिसला, दुसऱ्याला दीनला. मला फक्त शेकाट्या दिसत होता, लांब गुलाबी पायांचा.

अशा संशयाची सवय आपल्यातल्या सगळ्यात मोठ्या पक्षी पाहणाऱ्यालाही करून घ्यावी लागली होती. सालीम अलींच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने साठच्या दशकात स्थलांतरित पक्ष्यांच्या पायांत वाळे घालण्याचं मोठं काम केलं. त्याला अमेरिकन लष्कराच्या एका रोगसर्वेक्षणाचा पैसा होता, त्यावरून पुढे बराच गदारोळ झाला. प्रश्न विचारणं चूक नव्हतं, पैसा कोणाचा हे विचारलंच पाहिजे. माझ्या दुर्बिणीचा पैसा कुवेतच्या एका गोदामातला आहे, हेही मी त्या दोघांना सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही. त्यांना नाव पुरलं.

सालीम अलींचं नाव आलंच आहे तर विचारते, आपल्या किती घरांत ते घेतलं जातं? सुलेमानी बोहरा घराण्यातला अनाथ मुलगा. दहा-बारा वर्षांचा असताना छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांना दाखवली. मामांनी 'टाक बाहेर' म्हटलं नाही. सोसायटीच्या मिलर्ड साहेबांना चिठ्ठी लिहून पोराला तिकडे पाठवलं. एक चिठ्ठी, तिच्यातून हिंदुस्थानातलं पक्षीशास्त्र उभं राहिलं. आणि १९३० साली, हातात नोकरी नसताना, हा माणूस बायको तहमीनासोबत कुठे येऊन राहिला? आपल्या जिल्ह्यात, अलिबागजवळ किहीमला. तिथे सुगरणीच्या घरट्यांसमोर दिवसच्या दिवस बसून राहिला आणि तोपर्यंत कोणी नीट लिहिलं नव्हतं ते लिहिलं: घरटं नर विणतो, अर्धवट ठेवतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर राहते, मग नर ते पुरं करून दुसऱ्या घरट्याच्या मागे लागतो. सुगरण म्हणून आपण मादीचं कौतुक करतो आणि राबतो तो नर, हे किहीमच्या झाडाखाली कळलं. रोह्यापासून किहीम किती लांब? आमच्या वर्गातल्या पोरांची अलिबागला सहल जाते, किल्ला बघतात, भेळ खातात, परत येतात.

आता थोडं माझ्या धंद्याबद्दल. मी उर्दू शिकवते. त्यात पक्षी भरपूर. मागे आठवीच्या मुलांना पाच परिंद्यांची नावं लिहायला सांगितली. बुलबुल, शाहीन, फ़ाख़्ता, हुदहुद, अबाबील. शाबास. आता खिडकीबाहेर तारेवर बसलाय त्याचं नाव? शांतता. तो कोतवाल होता. उर्दूतही त्याला नाव नाही असं नाही, पण तो ग़ज़लेत बसला नाही, म्हणून वर्गातही बसला नाही.

ग़ज़लेतला बुलबुल मुळात आपला बुलबुल नाही. तो इराणी बागेतला, रात्री गाणारा वेगळाच पक्षी; कोकणच्या आंब्यावर तो येत नाही. आपल्याकडे शेंडीवाला शिपाई बुलबुल आहे, लालबुड्या बुलबुल आहे, आणि ते गुलाबावर आशिक़ नाहीत, त्यांना तोंडलीच्या वेलावरची पिकली तोंडली आवडतात. अबाबील म्हटलं की मुलांना हत्तींच्या फौजेवर खडे टाकणारे आसमानी पक्षी आठवतात. अरबीत त्या शब्दाचा अर्थ थव्यांनी, झुंडीने असा घेतात. उर्दूत मात्र ते भिंगरी-पाकोळीचं नाव झालं, आणि पाकोळ्या आपल्या पुलाखाली शेकड्यांनी आहेत. शाहीनच्या नावाने दर वर्षी भाषणं होतात. तो घरटं बांधत नाही, हे तेवढं मुलांना पाठ असतं. ते खरंही आहे, कड्याच्या नुसत्या कपारीत अंडी घालतो तो. पण मराठीत त्यालाच बहिरी ससाणा म्हणतात, आणि हा 'बहिरी' कानाने बहिरा नसून फारसी 'बहरी' आहे, हे आमच्या मराठीच्या शिक्षकांनाही ठाऊक नसतं. शिक्राही तिकडूनच आला. शिकारखान्यातून हे शब्द मराठीत येऊन इतके मुरले की आता कोणी त्यांना ओळखपत्र विचारत नाही. बरं आहे शब्दांचं.

नोव्हेंबर महिना पाहा. ९ तारखेला इक़बाल जयंती, उर्दू दिवस. ११ तारखेला मौलाना आज़ाद, शिक्षण दिवस. १२ तारखेला सालीम अली. महाराष्ट्र सरकारने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह केला, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. तिन्ही दिवस एका आठवड्यात, आणि आपण ते तीन वेगळ्या कपाटांत ठेवतो. मौलाना आज़ाद अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. १९४२ पासून जवळजवळ तीन वर्षं. तिथे त्यांच्या खोलीच्या छतात चिमण्यांनी घरटी केली. कचरा पडायचा. आधी मौलानांनी त्यांच्याशी युद्ध पुकारलं, हरले, तह केला, तांदळाचे दाणे टाकले, आणि मग रोज बसून एकेकीचा स्वभाव टिपून त्यांना नावं दिली. 'ग़ुबार-ए-ख़ातिर'मध्ये चिमणा-चिमणीची ती अख्खी कहाणी आहे. बाहेर देश पेटलेला, कोठडीत कुराणाचा भाष्यकार चिमण्या निरखतोय. त्याला कोणी विचारलं नाही की मौलाना, ह्याचा फायदा काय? आपण मात्र एका टीचरला विचारतो.

पंख पसरून आणि मिटून आभाळात तरंगणाऱ्या पक्ष्यांकडे हे लोक बघत नाहीत का, असा सवाल कुराणात आहे, सूरह मुल्कमध्ये. मी फजरनंतर तेवढंच करते.

आता शेवटचा आक्षेप, आणि हा खरा आहे, म्हणून मुद्दाम मागे ठेवला. तो मोहल्ल्याचा नाही. पक्षी पाहणाऱ्या एका मंडळींबरोबर मी एकदा गेले होते, तेव्हा त्यातल्या एकाने सरळ सांगितलं, "मॅडम, विणीच्या दिवसांत कुत्रा आणू नका." मला राग आला. वाटलं, इथेही तेच. त्यांना माझा कुत्रा नको का मी? मनातल्या मनात भाषणही तयार केलं.

मग एप्रिलातल्या एका रविवारी मैत्रिणीकडे पेणला गेले, खंड्या सोबत. सकाळी खाडीकडच्या खारबंदिस्तीच्या बांधावरून चाललो होतो. मोकळं रान, माणूस नाही, म्हणून पट्टा सोडला. टिटव्यांनी एकदम आकांत मांडला. दोन टिटव्या त्याच्या डोक्यावर झडप घालत होत्या, एक पंख मोडल्यासारखी फरफटत त्याला दुसरीकडे ओढायला बघत होती. मला वाटलं, काय सुंदर, दुर्बीण लावली. दुर्बिणीत खंड्याचं तोंड दिसलं, ओठांवर पिवळं. टिटवी घरटं करत नाही, उघड्या मातीत चार खडे असावेत तशी चार अंडी. तिथे दोन उरली होती. दुसऱ्या रविवारी मुद्दाम पुन्हा गेले. तीही नव्हती. मुंगूस असेल, कावळा असेल, कोणीही असेल. सुरुवात आम्ही केली.

त्या मंडळींचं बरोबर होतं. इंग्लंडात १ मार्च ते ३१ जुलै मोकळ्या रानात कुत्रा दोन मीटरच्या पट्ट्यावरच ठेवावा लागतो, असा कायदाच आहे, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांसाठी. आपल्याकडे माळढोकासारख्या संपत आलेल्या पक्ष्यालाही भटक्या कुत्र्यांचा त्रास आहे. ही कुत्री एवढी का वाढली, तर त्यातही आपला हात आहे. गुरांना टोचलेल्या डायक्लोफिनॅकने गिधाडं मेली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली तोवर आभाळ रिकामं झालं होतं. आपल्या जिल्ह्यात म्हसळ्याच्या चिरगावसारख्या मोजक्या ठिकाणी त्यांची घरटी राहिली. मेलेल्या गुरांचं मांस कुत्र्यांना उरलं. शिवाय कोंबडीच्या दुकानांतला आणि कुर्बानीनंतरचा कचरा आपण नदीकाठी टाकतो तो वेगळाच. त्यावर वाढलेल्या टोळीला मग नापाक म्हणून दगड मारतो. नापाकीवर एवढं लिहिणाऱ्यांनी एकदा सकाळी माझ्याबरोबर येऊन ती जागा बघावी.

तर खंड्या आता पट्ट्यावर असतो, आखूड पट्ट्यावर, पावसाळा संपेपर्यंत. त्याला ते आवडलेलं नाही. बांधावर पोचलं की माझ्याकडे असा बघतो की मी त्याचं काही देणं लागते.

ज्या तीन मुली शिकवणीला येत नाहीत, त्यातल्या दोघींच्या आयांनी काल निरोप धाडला. मुलींना पक्षी बघायला यायचंय, घरात कसंबसं पटवलंय, पण कुत्रा नको. मी उलट निरोप धाडला आहे. खंड्या येणार. तो माझ्या डाव्या हाताला असेल, मुलींनी उजवीकडून चालावं. दव पडत नाही आता, सगळं कोरडंच आहे. कोणाला त्याची लाळ लागली तर सात वेळा हात मी स्वतः धुऊन देईन, माती नदीकाठची. रविवारी, पावणेसहाला, पुलाच्या अष्टमीकडच्या टोकाला. वही आणावी. लिपी कोणतीही चालेल.